कूलंट कुठलं टाकू विचारतोस, आधी फॅन फिरतोय का बघ

वाचकाचं पत्र:

काका नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहतो, चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. दीड महिन्यापूर्वी सेकंडहँड २०० सीसी गाडी घेतली, लिक्विड कूल्ड आहे, पण लई तापायलीय. सकाळी हायवेनं जाताना काय नसतं, संध्याकाळी परत येताना गावात शिरलो की मांड्या भाजतात आणि मागच्या आठवड्यात तर सात रस्त्याच्या सिग्नलला टेम्परेचरचा लाल दिवाच लागला. कूलंटची बाटली दर आठ-दहा दिवसांनी खाली जाते, मी घरच्या आरओचं पाणी टाकत असतो. दुकानदार म्हणतो लाल कूलंट घे, मित्र म्हणतो हिरवंच टाक, एक जण म्हणतो साधं पाणी बेस्ट. एक ॲडिटिव्हची छोटी बाटली मिळते, कूलंटमध्ये टाकली की १५ डिग्री कमी होतात म्हणे, ती घेऊ का? इंजिन ऑइलमध्ये टाकायचं पण एक आहे. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो थर्मोस्टॅटच काढून टाक, विषय संपला. काय करू सांगा. (बाकी गाडी एकदम भारी आहे, कुठं आवाज नाही, रेडिएटरचा फॅनसुद्धा कधी ऐकू आला नाही इतकी शांत.)

उत्तर:

अरे बाबा, लाल हिरवं, ॲडिटिव्ह, मावसभाऊ सगळं वाचत आलो आणि कंसातल्या शेवटच्या ओळीवर हातातला चहा खाली ठेवला. फॅन कधी ऐकूच आला नाही हे तू गाडीचं कौतुक म्हणून लिहिलंयस बे, तोच तर आजार आहे! सोलापुरात उन्हाळ्यात सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या असलेल्या लिक्विड कूल्ड गाडीचा फॅन ओरडला नाही तर घाबरायचं असतं. माझ्या गाडीचा तर एवढा ओरडतो की शेजारचा स्कूटरवाला वळून बघतो.

कसंय ते नीट समजून घे म्हणजे बाटल्यांचं कोडं आपोआप सुटेल. कूलंट इंजिन थंड करत नाही. नाव तसं पडलंय पण काम हमालाचं आहे, हेडजवळची (इंजिनचा वरचा भाग) उष्णता उचलायची, पंपाच्या जोरावर पुढच्या जाळीदार रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथं टाकून परत यायचं. थंड करते ती हवा. आता हायवेला तू ६०-७० नं जातोस तेव्हा समोरून वारा रेडिएटरवर आदळतच असतो, फॅनची गरजच लागत नाही, म्हणून सकाळी "काय नसतं". बाळ्यापासून पुणे नाका, तिथून पुढं सात रस्ता, विजापूर रोड हा जो तुझा संध्याकाळचा प्रवास आहे त्यात गाडी निम्मा वेळ उभी किंवा पहिल्या-दुसऱ्या गिअरला, वारा नाही, तिथं फॅननंच ओढायचं असतं आणि तो बसलाय गप्प. हमाल गोणी घेऊन दारापर्यंत येतोय पण गोडाऊनला कुलूप आहे, मग तो तरी काय करणार. लाल हमाल आणला काय आणि हिरवा आणला काय.

ही खूण कायमची लक्षात ठेव, कुठल्याही लिक्विड कूल्ड गाडीला चालते. फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळवली की उतरते तर फॅन, फॅनचा फ्यूज, रिले (फॅनला करंट देणारा स्विच), सेन्सर, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत भरलेली माती. उलट हायवेला जोरात पळवताना तापते आणि गावात ठीक असते तर आत कुठंतरी पाणीच फिरत नाहीये, म्हणजे कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, पंप नाहीतर थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह). दोन्हीकडं तापते तर दोन्ही बघायचं.

आणि आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब पण सांगतो, कारण पुण्याचा मावसभाऊ तो धरत नसणार. रेडिएटरमधलं पाणी समज १०० डिग्रीला आहे आणि बाहेर हवा ३० ची आहे, तर मधे फरक ७० चा. उष्णता बाहेर पडते ती ह्या फरकावर. आता मे महिन्यात दुपारी सोलापुरात ४३ असलं की फरक उरला ५७, म्हणजे तोच रेडिएटर तोच फॅन पण उष्णता बाहेर टाकायची ताकद जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी झाली, ती पण सगळं नवंकोरं असताना. त्यात डांबर खालून वाफा मारणार, शेजारी एसटीचं इंजिन. म्हणून इथं फॅन, जाळी, कॅप असल्या बारक्या गोष्टी महत्त्वाच्या, त्यात एक जरी आजारी असली की दुसऱ्या गावात चालून जाईल ते इथं चालत नाही.

मग करायचं काय. गाडी स्टँडवर लाव, चालू कर आणि उभी ठेव. बऱ्याच गाड्यांचा फॅन पाणी १०० च्या आसपास गेलं की लागतो, दहा-पंधरा मिनिटं धर. लाल दिवा लागेपर्यंत फॅन लागला नाही तर ताबडतोब बंद कर, निदान झालं. पहिला फ्यूज बघ, सीटखाली नाहीतर बॅटरीजवळ डबी असते. मग फॅनचा कनेक्टर, वॉशिंग सेंटरवाले प्रेशरचं पाणी मारतात ना समोरून, त्यानं कनेक्टरात पाणी जाऊन हिरवा गंज धरतो, हे मी कितीतरी गाड्यांत बघितलंय. कनेक्टर सुटा करून फॅनच्या दोन वायरींना बॅटरीवरून सरळ १२ व्होल्ट दिले (फ्यूज लावलेली वायर वापर, प्लस-मायनस बघून) आणि फॅन फिरला, तर मोटर चांगली आहे, दोष मागं सेन्सर-रिले-वायरिंगमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. सेकंडहँड गाडी आहे म्हणून अजून एक सांगतो, आधीच्या मालकानं प्रेशर हॉर्न नाहीतर एलईडी लावल्या होत्या का बघ, असल्या जोडणीत वायरमन कुठली वायर कुठं मारतील सांगता येत नाही, टेप गुंडाळलेली गाठ दिसली की तिथंच उघडून बघ. आणि हो, तपासताना बोट फॅनच्या पात्यात घालून ढकलायचं नाही, किल्ली चालू असताना तर अजिबात नाही, तो कधी लागेल नेम नसतो.

हे सगळं तुला जमणार नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडं ने, मेकॅनिककडं नको. त्याचं तासाभराचं काम आहे.

आता बाटली दर आठ-दहा दिवसांनी खाली का जाते. दोन शक्यता. एक म्हणजे फॅन नाही म्हणून पाणी उकळतंय, उकळलं की फुगून रिझर्व्हच्या बाटलीत येतंय, तिथून ओव्हरफ्लोच्या नळीनं रस्त्यावर. दुसरी शक्यता रेडिएटरची कॅप. लोक तिला नुसतं झाकण समजतात. तिच्यात स्प्रिंगवर बसलेला व्हॉल्व्ह असतो, साधारण १.१ बार दाब आत धरून ठेवतो, कुकरच्या शिट्टीसारखं, आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-एक मीटर वर, उघड्या पातेल्यात पाणी इथं १०० च्याही थोडं आधीच उकळतं, पण हा दाब धरला की साधं पाणीसुद्धा १२० पर्यंत टिकतं आणि अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर १२५ च्या पुढं. कॅपचं रबर कडक झालं, चिरलं, की हा सगळा फायदा गेला, सिग्नलला उकळ्या फुटल्याच. त्याच कॅपमध्ये मधोमध एक छोटा उलटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन थंड झालं की तो बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेतो. तो अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा! म्हणून नुसती बाटली बघून समाधान मानायचं नाही, सकाळी गार इंजिनवर कॅप उघडून आत काठोकाठ आहे का ते बघायचं. कॅप स्वस्त वस्तू आहे, सेकंडहँड गाडी घेतली की डोळे झाकून नवी टाकावी, फक्त तेवढ्याच दाबाची, वरच आकडा लिहिलेला असतो. जास्त दाबाची बसवली की होज (कूलंटची रबरी नळी) नाहीतर पंपाचं सील बोंबलतं.

तेवढंच दोन ठिकाणी वाकून बघ. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, तिथून कूलंटचे थेंब पडत असतील तर पंपाचं सील संपलंय. आणि ऑइल भरायचं झाकण उघडून बघ, आत दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येतोय, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केटचं (हेडखालचं पॅकिंग) प्रकरण आहे, मग गाडी चालवत नेऊ नको, टेम्पोत घालून ने. तुझं पत्र वाचून मला तसं वाटत नाहीये, पण लाल दिवा लागलेली गाडी तू घरापर्यंत चालवत नेली असशील तर बघणं भाग आहे.

बरं आता कूलंट. तू वाट बघत असशील.

साधं पाणी बेस्ट म्हणणारा तुझा तो एक जण अर्धा बरोबर आहे, आणि असली अर्धी बरोबर माणसंच जास्त घोळ घालतात. उष्णता वाहून न्यायला पाण्यासारखं खरंच काही नाही. एक किलो पाणी एक डिग्रीनं तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, अर्ध्या ग्लायकॉलच्या (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) मिश्रणाला गरम असताना साधारण ३.५. म्हणजे तोच हमाल ग्लायकॉल मिसळलं की थोडी हलकी गोणी उचलतो. मग ग्लायकॉल घालायचंच कशाला? थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून, बाटलीवर जे मायनस ३७ वगैरे लिहिलेलं असतं ते त्यासाठीच. सोलापुरात त्या आकड्याचा उपयोग शून्य, गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीतल्या थंडीत सुद्धा नाही. पण बाटलीत नुसतं ग्लायकॉल नसतं रे. गंज रोखणारी रसायनं असतात, आणि आपण पैसे मोजायचे ते त्यांच्यासाठी आणि उकळायची डिग्री थोडी वर सरकते त्यासाठी. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, पंपात स्टीलचा दांडा, वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले, नुसतं पाणी ठेवलं की ते एकमेकांना खायला लागतात.

आणि पाणी पण आपलं कसलं! नळ रोज येत नाही म्हणून निम्मं गाव बोअरवर. बोअरच्या पाण्यानं बादलीला, गिझरच्या कॉइलला, नळाच्या तोटीला जो पांढरा खरवडून निघत नाही असा थर बसतो ना, तोच थर रेडिएटरच्या आत बसतो, फक्त तिथं तो दिसत नाही. क्षार उष्णता अडवतात, पाण्यातून रेडिएटरच्या धातूपर्यंत नीट पोचू देत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझी पहिली लिक्विड कूल्ड गाडी, टेंभुर्णीच्या अलीकडं होज फुटला, ढाब्यावर होज बांधून हापशाचं पाणी भरलं आणि घरी आलो. इथपर्यंत ठीक, अडचणीत माणूस करतोच. पण घरी आल्यावर ते काढून टाकायला हवं होतं ते मी राहू दिलं, चालतंय की म्हणून सात-आठ महिने तेच, कमी झालं की वरून बोअरचं. पुढच्या एप्रिलला गाडी रोज तापायला लागली. एका गॅरेजवाल्यानं बघितलं, गळतीचा डाग दिसला म्हणून त्यानं गळती बंद करायची पावडर आत टाकली. त्या पावडरीला काय माहीत गळतीचं भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, बाइकच्या रेडिएटरच्या नळ्या आधीच काडीएवढ्या, त्यात माझा पांढरा थर, त्यात ती पावडर. रेडिएटर बदलावा लागला. नव्या रेडिएटरच्या पैशात मी दहा वर्षांचं कूलंट घेतलं असतं. तेव्हापासून गळती बंद करायच्या पावडरी न लिक्विड ह्यांचं नाव काढलं की मला राग येतो, तुझ्यासमोर कुणी काढलं तर तिथून उठून ये.

तुझ्या आरओच्या पाण्याचं म्हणशील तर बोअरपेक्षा शंभर पटीनं बरं, पण आरओत क्षार कमी होतात, संपत नाहीत, आणि बरेच आरओ चव यावी म्हणून थोडं जड पाणी परत मिसळतात. शिवाय दर आठवड्याला पाणी घालत घालत तू आतलं कूलंट पातळ करत आणलंयस, दीड महिन्यात त्यातली गंजरोधक रसायनं किती उरली असतील देव जाणे. पाणी मिसळायचंच तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं. फक्त मागताना "बॅटरीचं पाणी" म्हणून थांबू नको, काही दुकानात त्या नावाखाली ॲसिडची बाटली हातात देतात. डिस्टिल्ड लिहिलेलं वाचून घे.

रंगाचं एकाच वाक्यात मिटवतो, रंग म्हणजे नुसता रंग आहे, कंपनी घालते, त्याला कुठला कायदा नाही. पूर्वी जुन्या पद्धतीचं कूलंट बहुतेक हिरवं असायचं आणि ऑरगॅनिक ॲसिडवालं लाल-केशरी, त्यावरून लोकांनी नियम बनवला, आता दोन कंपन्यांचं हिरवं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. बघायचं ते मागच्या लेबलवर. ॲल्युमिनियम इंजिनला चालतं असं लिहिलंय का, सिलिकेट नाही असं लिहिलंय का (जपानी कंपन्या सिलिकेट टाळतात, पंपाच्या सीलला ते घासतं म्हणून), आणि जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असलं काही स्टँडर्ड छापलंय का. सगळ्यात आधी गाडीचं मॅन्युअल, तिथं जे लिहिलंय ते पहिलं, माझं दुसरं. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन त्यांचंच कूलंट घे, तुला लिटर-सव्वा लिटर लागणार, त्यात काय वाचवायचंय. तयार मिश्रण मिळतं तेच घे, लेबलवर पाणी मिसळू नका असं असतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलंस तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं-अर्धं, आपल्या हवेत ४० टक्के कूलंट ६० टक्के पाणी पण चालून जातं, एक तृतीयांशाच्या खाली मात्र उतरू नको, गंजरोधक अपुरं पडतं.

आणि "जाड आहे, मजबूत आहे" म्हणून कॉन्सन्ट्रेट तसंच्या तसं ओतणारे पण आहेत आपल्याकडं. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानांना जे मर्लिन इंजिन होतं ना रोल्स-रॉइसचं, त्यात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलच भरायचे. पुढं त्यांनीच बदलून ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल केलं, दाब धरून. विमानवाल्यांना जे कळलं ते आपण आसरा चौकात परत कशाला शोधून काढायचं.

लाल हिरवं एकमेकांत मिसळू नको एवढं मात्र पाळ. नेहमीच काही होतं असं नाही, पण काही मिश्रणांत गाळ धरतो, आणि दोघांचं आयुष्य तर कमी होतंच. तुझ्या गाडीत आधीच्या मालकानं काय टाकलंय माहीत नाही, म्हणून सगळं काढून धुऊनच नवीन भर. गार इंजिनवर कॅप काढायची, पंपाजवळचा ड्रेन बोल्ट काढायचा, सगळं निथळू द्यायचं, रिझर्व्हची बाटली पण काढून धुवायची, ती सगळे विसरतात. मग डिस्टिल्ड वॉटर भरून इंजिन गरम होईपर्यंत चालवायचं, गार झालं की काढायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. आत पांढरा थर दिसला तर रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याला दाखव, घरी टॉयलेट क्लीनर ओतायची आयडिया कुणीतरी देईल, ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, थरासोबत ॲल्युमिनियम पण खाऊन टाकतं.

नवीन भरताना खरी गंमत आहे, हवा. घाईनं ओतलं की आत हवेचा फुगा अडकतो, पंपाला पाणी मिळत नाही आणि नवीन कूलंट टाकूनही गाडी तापते, मग माणूस कूलंटला शिव्या देतो. हळू ओत, गाडी डावी-उजवी हलव, काठोकाठ झालं की कॅप न लावता चालू कर, थोडा वेळ नुसती आयडलला राहू दे, वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, पातळी खाली जाईल, परत भर, बुडबुडे थांबले की कॅप. बाटली कमाल आणि किमान खुणांच्या मधे. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना परत एकदा बघ. फार उसळायला लागलं तर तोंड लांब ठेव, इंजिन बंद कर.

त्या १५ डिग्रीवाल्या ॲडिटिव्हचं. हे पूर्ण थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी करणारी द्रव्यं असतात त्यात, पाणी गरम धातूला जास्त चिकटून जातं, वाफेचे बारके बुडबुडे लवकर सुटतात. रेसिंगवाले वापरतात, कारण ट्रॅकवर ग्लायकॉल सांडलं की मागून येणाऱ्याचा टायर घसरतो म्हणून बऱ्याच ठिकाणी ग्लायकॉलला बंदीच असते, मग नुसतं पाणी आणि त्यात हे. म्हणजे त्याचा खरा उपयोग नुसत्या पाण्यात. तुझ्या कूलंटमध्ये आधीच अर्धं ग्लायकॉल, तिथं फरक पडलाच तर थोडासा. आणि डोकं लावून बघ ना, थर्मोस्टॅट ८० च्या आसपास उघडतो, पाणी त्याच्याखाली गेलं की तो परत बंद होऊन पाणी गरम करणार, म्हणजे नीट चालणाऱ्या गाडीला ॲडिटिव्ह कुठून १५ डिग्री कमी करणार, आणि बिघडलेल्या गाडीत उष्णता रेडिएटरपर्यंत थोडी चपळ पोचली तरी पुढं तुझा फॅन झोपलेलाच. सगळं नीट झाल्यावर हौस म्हणून टाकायचं तर टाक, कूलंटसोबत चालतं असं लेबलवर असेल तरच. मी माझ्या गाडीत टाकत नाही.

मावसभावाला सांग थर्मोस्टॅट राहू दे. तो मेणावर चालणारा साधा व्हॉल्व्ह आहे, मेण गरम होऊन फुगलं की उघडतो. सात रस्त्याला तुझा लाल दिवा लागला तेव्हा तो आधीच सताड उघडा असणार, उघड्या दाराची कडी काढून हवा जास्त येत नाही. काढून टाकलास तर सकाळी इंजिन तापायला वेळ लागणार, तोवर पेट्रोल जास्त पिणार, झीज जास्त. बंद अवस्थेत अडकला असेल तर नवीन टाकायचा, पण त्याची लक्षणं हायवेला पण दिसली असती.

ऑइलमध्ये टाकायच्या बाटलीला तर हातच लावू नको, आणि हे एअर कूल्डवाल्यांनी पण वाचा, कारण तुमचं ऑइलच कूलंट आहे. बाइकमध्ये इंजिनचं ऑइल तेच क्लचमधून फिरतं, कारसारखं वेगळं नसतं. घर्षण कमी करणारं काही टाकलं की ते क्लचच्या प्लेटांचं पण घर्षण कमी करतं, मग चढाला इंजिन ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. म्हणून ऑइलच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए २ (ऑइलमध्ये बुडलेल्या क्लचला चालतं ह्याची खूण) बघायचं, मॅन्युअलमधलं ग्रेड, वेळेवर बदली, बस. स्प्लेंडरवाले मधनंमधनं विचारतात आमच्या गाडीत कूलंट कुठं टाकायचं, अरे नाहीये तुमच्याकडं, सिलिंडरभोवतीच्या पाकळ्यांवरचा चिखल काढा तेवढं.

रेडिएटरची जाळी पण साफ कर, किडे आणि माती मागच्या बाजूनं पुढं, साध्या नळीनं, हळू. प्रेशरनं मारलं की पत्र्याच्या पाकळ्या वाकतात. कुणी दगड लागू नये म्हणून रेडिएटरपुढं जाड जाळीचा गार्ड लावलाय का बघ, भोकं फार बारीक असतील तर तो पण वारा अडवतो.

काढलेलं जुनं कूलंट गटारीत ओतू नको आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तर अजिबात ठेवू नको. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, पोरं पितात, आणि ते किडनी निकामी करून मारतं, फार लागत पण नाही. अंगणात सांडलं तर भरपूर पाण्यानं धू. कॅनवर मोठ्या अक्षरात विष लिही आणि जुन्या ऑइलसोबत सर्व्हिस सेंटरला दे.

फॅन दुरुस्त होईपर्यंत कामावर जायचंच असणार, तर संध्याकाळी गावातून येऊ नको, बाहेरच्या रस्त्यानं ये, लांब पडला तरी वारा मिळतो. मोठा सिग्नल असला की इंजिन बंद. लाल दिवा लागलाच तर तिथंच कडेला घे, बंद कर, झाड असलं तर झाडाखाली. कॅपला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, आत दाबाखाली शंभरच्या वरचं पाणी असतं, कॅप सैल केली की तोंडावर येतं, चेहरा भाजलेली माणसं बघितलीयत मी. गरम इंजिनवर बाटलीतलं गार पाणी मारायचं पण नाही, हेड वाकडं होऊ शकतं. होज हाताला गार लागला की मग फडकं धरून हळू उघड आणि भर. त्यासाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटर सध्या डब्याच्या पिशवीत टाकून ठेव, आणि त्यावर पण नाव लिही, नाहीतर दुपारी कुणीतरी पिऊन टाकेल.